तोंडातल्या टाचण्या

मास्तरांनी आयुष्यात काय काय सुरू केलं याची यादी करायला बसलं तर संध्याकाळ होईल, आणि त्यातलं तडीस काय नेलं याची यादी चहा निवायच्या आत संपेल. सकाळी फिरायला जायचं म्हणून त्यांनी बूट घेतले. ते अजून खोक्यात आहेत आणि त्यांचे तळ कोरे आहेत. बुद्धिबळ शिकायचं म्हणून पट आणला, त्यातला एक उंट आता खिडकीच्या फटीत खुंटी होऊन बसलाय. रोजनिश्या पाच, आणि पाचही जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात मुक्या झालेल्या. गोड सोडलं ते सहा दिवस, आणि सातव्या दिवशी मागचा सगळा हिशेब चुकता केला. नव्याचे नऊ दिवस असतात असं जग म्हणतं, पण यांच्या बाबतीत नऊ म्हणजे चैन झाली असं त्यांची बायको म्हणायची. गल्ली त्यांना मास्तर म्हणत असे. घरात मात्र त्यांचं नाव आरंभशूर पडलं होतं, आणि ते त्यांनाही पटलेलं होतं.

गंमत अशी, की हाच माणूस जिना उतरून खाली आपल्या शिलाईच्या दुकानात आला की कुणी वेगळाच होई. चौतीस वर्षं. तारीख दिली म्हणजे दिली. गिऱ्हाईक कोट न्यायला आलंय आणि शेवटचं काज राहिलंय, असं कधी झालं नाही. सकाळी दुकान उघडलं की आधी मशीनला तेल, मग मऊ फडकं, मग दिवा. बोटं चालायची आणि तोंडात टाचण्यांची रांग असायची, कारण दोन्ही हात कापडात गुंतलेले असताना टाचण्या ठेवायला दुसरी जागा कुठली? ओठ घट्ट, चेहरा स्थिर. कुणी काही विचारलं तर ‘हूं’ किंवा ‘अंहं’. गिऱ्हाइकांना वाटायचं मास्तर फार गंभीर आहेत. गंभीर कसले, टाचणी पोटात जाईल ही भीती.

मास्तरांना एकच लेक. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करते. जावई कायम फिरतीवर. तिची मुलगी शाळा सुटली की साडेतीनला दुकानात येते आणि सहाला आई न्यायला येईपर्यंत तिथेच असते. एका जागी म्हणून टिकत नाही, त्यामुळे सगळे तिला भिंगरी म्हणतात. भिंगरीला जन्मापासून ऐकू येत नाही.

ती लहान होती तोवर कुणाचं काही अडलं नव्हतं. बोट दाखवलं की बिस्कीट मिळत होतं, हात पसरले की कडेवर घेत होते. पण पाचव्या वर्षी ती अशा शाळेत जाऊ लागली जिथे सगळी मुलं हातांनी बोलतात, आणि वर्षभरात पोरीचे हात असे सुटले की मोठी माणसं नुसती बघत राहिली. तिला सांगायला पोतंभर होतं. आईने तिच्याबरोबरच खुणा शिकून घेतल्या होत्या, पण आई सहाला यायची. साडेतीन ते सहा समोर कोण? तर आजोबा, कापडात हात घालून आणि तोंडात टाचण्या धरून.

एके दिवशी ती आली ती थेट त्यांच्यापुढे उभी राहिली आणि भराभर हात हलवून काहीतरी सांगू लागली. मास्तर एका कॉलरीत अडकले होते. त्यांना वाटलं शाळेतली काहीतरी गंमत असेल. त्यांनी टाचण्या सांभाळत जमेल तेवढं हसून अंगठा वर केला. छान, छान. भिंगरीने पुन्हा तेच सांगितलं, जरा सावकाश. मास्तरांनी पुन्हा अंगठा वर केला.

सहाला लेक आली आणि दारातच थबकली. “बाबा, हिचा गाल सुजलाय. कधीपासून?”

मास्तर उठून बघतात तर खरंच सुजलेला. मुलीचे हात चालू झाले आणि आईचा चेहरा उतरत गेला. “दाढ दुखतेय म्हणून तुम्हाला साडेतीनलाच सांगितलं म्हणते. दोनदा. तुम्ही छान म्हणालात.”

दुसऱ्या दिवसापासून भिंगरी दुकानात यायची, दप्तर ठेवायची आणि कापड बेतायच्या मोठ्या टेबलाखाली जाऊन बसायची, त्यांच्याकडे पाठ करून. चित्रं काढायची. रडणं नाही, रुसणं नाही. या माणसाला सांगून उपयोग नाही एवढं तिने ठरवून टाकलं होतं. ती पाठ बघून मास्तरांना फार लाज वाटली. नात आपल्याशी बोलायचं सोडून देणार, कायमचं, आणि तिचं काही चुकलेलंही नसेल.

मग काय, आरंभशूरच ते. शाळेत दर रविवारी दहाला घरच्या मोठ्यांसाठी खुणांचा वर्ग असायचा. मास्तर पहिल्याच रविवारी पहिल्या बाकावर हजर. जाड वही, तीन रंगांची पेनं. पहिल्या आठवड्यात चाळीस खुणा. घरभर चिठ्ठ्या लागल्या, प्रत्येकीवर हाताचं चित्र. चित्रं त्यांनी स्वतः काढली होती, त्यामुळे ते हात कमी आणि हातमोजे जास्त दिसत होते. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते मापाआधी खुणांविषयी सांगत. बायकोने हे सगळं पाहिलं आणि बुटांचं खोकं जिथे होतं तिथे वहीपुरती जागा करून ठेवली.

चार रविवार झाले. मग लग्नसराईच्या तोंडावर कोटांचा ढीग पडला आणि पाचवा रविवार हुकला. सहाव्याला गेले नाहीत, कारण पाचव्याला का आला नाहीत असं वर्गाच्या बाई विचारतील. सातव्यापर्यंत चाळीसातल्या पंचवीस खुणा विरून गेल्या होत्या, आणि मास्तरांनी ठरवलं की आता एक तारखेपासून नव्याने सुरुवात करू. त्यांच्या आयुष्यात एक तारखेला फार मान होता. तिला ते नेहमी पुढच्या महिन्यात बसवत. ये रे माझ्या मागल्या.

त्या एक तारखेची वाट बघत ते एका दुपारी काजं करत बसले होते. बायको चहा घेऊन खाली आली. टेबलाखाली पाठ होतीच. तिने कप ठेवला आणि शिवणाऱ्या हातांकडे बघत उभी राहिली.

“तुम्हाला काजं करायला आवडतं का हो?”

मास्तरांनी टाचण्या काढून हातात घेतल्या. “काजं? कुणाला आवडतं? डोळे फुटतात.”

“मग रोज कशी करता?”

“म्हणजे काय? कोट आहे तर काजं आहेत. त्यात आवडायचं काय?”

“आणि तापात पडलात, चार दिवस दुकान बंद राहिलं, तर तो कोट काय करता? फेकून देता?”

“वेडी आहेस का? उठलो की पुढचं काज.”

“पहिल्यापासून नाही शिवत? एक तारखेची वाट नाही बघत?”

मास्तर हसायला लागले आणि मध्येच थांबले. बायको जिन्याकडे वळली होती. जाता जाता म्हणाली, “मग पोरीचंच काम का फेकून दिलंत? चहा घ्या, निवतोय.”

चहा निवला. चौतीस वर्षं मास्तरांना वाटत होतं की आपल्यात चिकाटी नावाचा धागाच देवाने घातला नाही. आणि बायको म्हणते तो तर खाली दुकानात भरपूर आहे, फक्त वर न्यायचं राहिलंय. जे जे त्यांनी सोडलं ते सगळं हौसेच्या जोरावर चाललं होतं. हौस आटली की घोडं पेंड खायचं. दुकानात मात्र त्यांना कुणी कधी हौस विचारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, तारीख कुठलीशी सतरा होती आणि वार मंगळवार, म्हणजे मुहूर्ताच्या दृष्टीने अगदीच टाकाऊ, त्यांनी दुकान उघडलं, मशीनला तेल घातलं, आणि तेल मुरेपर्यंत जो वेळ जातो त्यात एक खूण केली. एकच. ‘पाणी’. ती खडूने टेबलाच्या कडेवर लिहिली, दिवसभरात दहा वेळा नजर पडली तेव्हा दहा वेळा केली, आणि संध्याकाळी पुसली. बुधवारी ‘पाणी’ आणि ‘गरम’. वही कपाटात गेली ती गेलीच. चिठ्ठ्या बायकोने काढून टाकल्या. रविवारच्या वर्गात ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले, आणि बाईंनी काही विचारलं नाही, नुसती हसून मान डोलावली.

पुढचे महिने सांगण्यासारखे नाहीत, आणि तेच त्यांचं मोठेपण. रोज तेल, रोज एक खूण. कंटाळा यायचा, सपाटून यायचा. कधी ‘खुर्ची’ आणि ‘बसणे’ यांत घोटाळा व्हायचा आणि मास्तर स्वतःवरच चडफडायचे. थंडीत ते खरंच आजारी पडले. सहा दिवस दुकान बंद, सहा दिवस खूण बंद. बायको मनातून धास्तावली होती, कारण यांचं प्रत्येक प्रकरण याच वळणावर संपलेलं तिने पाहिलं होतं. सातव्या दिवशी मास्तर मफलर गुंडाळून खाली उतरले, मशीनला तेल घातलं आणि टेबलाच्या कडेवर खडूने सातव्या दिवसाची खूण लिहिली. राहिलेल्या सहांबद्दल अवाक्षर काढलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादी गोष्ट मधून तुटल्यावर तिथूनच पुढे धरली होती. बायकोने ते जिन्यातून पाहिलं, आणि वर जाऊन ती एकटीच हसत बसली.

पण गाडं अडलं ते निराळ्याच ठिकाणी. दीडशे खुणा झाल्या, पावणेदोनशे झाल्या, आणि भिंगरी काही टेबलाखालून बाहेर येईना. मास्तर वाकून तिच्यासमोर जायचे, ‘भूक लागली’ अशी खूण अगदी बरोबर करायचे, आणि पोर त्यांच्याकडे बघून आणखी आत सरकायची. आता कुणीही हात टेकले असते. मास्तरांनीही टेकले असते, पण सकाळी तेल घालायचं असायचं.

शेवटी त्यांनी रविवारी बाईंना गाठलं. बाई स्वतः ऐकू न येणाऱ्या आईबापांच्या पोटी वाढलेल्या. जिभेपेक्षा त्यांचे हात आधी बोलू लागले होते. त्या म्हणाल्या, “तिला काय विचारता ते मला विचारून दाखवा.”

मास्तरांनी दाखवलं. बाईंनी ओठ चावला, पण हसू लपलं नाही.

“मास्तर, हात बरोबर आहेत हो तुमचे. पण तोंड?”

“तोंडाचं काय?”

“हात म्हणतात भूक लागली, आणि चेहरा म्हणतो, लागली असेल तर खबरदार. भुवया वर गेल्या तर तो प्रश्न. डोळे, गाल, ओठ, सगळ्यांनी बोलायचं असतं यात. तुम्ही तर ओठ शिवल्यासारखे धरता. पोरीला वाटत असेल आजोबा रोज ओरडतात.”

मास्तर घरी न जाता दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांच्या ट्रायलच्या आरशासमोर उभे राहिले. त्यांनी ‘शाबास’ची खूण केली. आरशातला माणूस कुणाला तरी नोकरीवरून काढत होता. तोंडात एकही टाचणी नसताना ओठ टाचण्या धरून होते. चौतीस वर्षांची सवय, तिला कुठली एक तारीख लागली नव्हती, कुठली वही लागली नव्हती. नकळत लागली आणि हाडात मुरली. मास्तरांना रागही आला आणि हसूही आलं. ते हसू आरशात कसं दिसतं हेही त्यांनी बघून घेतलं.

बायकोने जुन्या मखमलीची एक छोटी उशी करून मनगटावर बांधायला दिली. टाचण्या आता तिच्यात राहणार होत्या. पण हात ऐकेल तर ना. दिवसातून पन्नास वेळा टाचणी घेऊन तो तोंडाकडेच निघायचा, आणि मास्तर त्याला अर्ध्या वाटेवरून परत आणायचे. रोजच्या खुणेबरोबर आता आरशासमोर भुवयांची कसरत सुरू झाली. वर, खाली, एक वर एक खाली. गाल फुगवणे. डोळे विस्फारणे. एकदा पँट न्यायला आलेले बँकेचे साहेब दाराशीच उभे राहून हे सगळं बघत होते. मास्तरांना ते आरशात दिसले. “या ना साहेब,” मास्तर म्हणाले, “शिकतोय.” साहेब पँट घेऊन जरा लगबगीनेच गेले.

महिना-दीड महिना गेला असेल. एका दुपारी मास्तर टेबलापाशी उकिडवे बसले. आधी भुवया वर नेल्या, मग विचारलं, ‘दात कसा आहे?’ भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पुढे सरकली, ओठ बोटाने बाजूला ओढला आणि दुखलेल्या दाढेच्या मागे आलेला नवा कोंब दाखवला. मास्तरांनी डोळे मोठे केले, गाल फुगवले, ‘केवढा मोठा’. ती खुदकन हसली. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत, कारण बाईंनी सांगितलं होतं की चेहऱ्याने खरं बोलायचं.

तिथून पुढे भिंगरी टेबलावर बसू लागली. बोलायचं तर मास्तरांना हात मोकळे करावे लागत, म्हणजे मशीन थांबवावं लागे. तारखा सांभाळायला ते सकाळी तासभर आधी उतरू लागले आणि साडेतीन ते सहा मशीन थांबतं हे गल्लीला माहीत झालं.

सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं. शाबास, छान, ये, खा, बघ. आणि मग, ‘पाणी’नंतर सव्वा वर्षाने, निळ्या पातळ कापडाच्या एका फ्रॉकवरून दोघांचं वाजलं.

मास्तर तिचं माप घेत होते. तिने त्यांचा हात बाजूला केला आणि सांगितलं, ‘खिसे. दोन. खोल.’ मास्तरांनी मान हलवली. ‘या कापडाला खिसे नाहीत.’ खिशांनी कापड लोंबतं, पण लोंबण्याची खूण त्यांना येत नव्हती, म्हणून त्यांनी खांदे पाडून, गाल सोडून, ओला टॉवेल दोरीवर कसा दिसतो ते करून दाखवलं. तिला समजलं. पटलं नाही. ‘खिसे पाहिजेत.’ मास्तरांनी भुवया आखडल्या. ‘का?’

मग तिने सांगितलं. वर्गात तिची एक मैत्रीण आहे, कुरळ्या केसांची. लाल पेन्सिलीवरून भांडण झालं. मैत्रिणीने दोन्ही हात खिशात घातले आणि पाठ फिरवली. त्यांच्या शाळेत याचा अर्थ असा, की जा, तुझ्याशी बोलत नाही. भिंगरीलाही हात खिशात घालायचे होते, पण फ्रॉकला खिसे नव्हते. ती नुसती हात लोंबकळवत उभी राहिली आणि हिला अजून बोलायचंय हे सगळ्या वर्गाला दिसलं.

‘हात मागे घ्यायचे,’ मास्तर म्हणाले.

‘हात मागे घेतले की बाईंचा ओरडा खाल्ल्यासारखं दिसतं.’ भिंगरीने कपाळाला हात लावला. एवढंही कळत नाही का, अशा अर्थी.

‘फ्रॉक खराब होईल.’

‘फ्रॉक माझा आहे.’

‘शिवणारा मी आहे.’

‘तुम्ही हट्टी आहात.’

‘हट्टी तू.’

हात नुसते उडत होते. दारात एक गिऱ्हाईक बाही आखूड करायची म्हणून उभं होतं, ते आत यायचं धाडस करेना. आरडाओरडा नसूनही काहीतरी चाललंय याची घरच्या बाईला चाहूल लागतेच. मास्तरांची बायको जिना उतरली आणि दोघांचे लाल चेहरे बघून घाबरली. “अहो, काय झालं? रडवताय का तिला?”

“थांब गं,” मास्तर तिच्याकडे न बघता म्हणाले. “भांडतोय आम्ही.”

सहा वाजले होते. लेक दारात येऊन उभी राहिली, तिने क्षणभर दोघांच्या हातांकडे पाहिलं आणि ती पायरीवर मटकन बसली. आपल्या मुलीला सगळे चुचकारतात, सगळे गोंजारतात, पण आईखेरीज तिच्याशी कुणी भांडलेलं तिने पाहिलं नव्हतं. भांडायला भाषा लागते. तिला हसू येत होतं आणि डोळे गळत होते.

“बाबा, ती तुम्हाला हट्टी म्हणतेय.”

“कळलं मला. मीही तिला तेच म्हणालोय.”

हार मास्तरांची झाली. एवढ्या वर्षांच्या धंद्यात पातळ कापडाला खोल खिसे त्यांनी पहिल्यांदा लावले, आतून अस्तर देऊन, दुहेरी शिवणीने. शुक्रवारी फ्रॉक तयार झाला. भिंगरीने तो घातला, दोन्ही हात जातील तेवढे खिशात घातले आणि आजोबांकडे पाठ फिरवून उभी राहिली. कालपर्यंतच्या सगळ्या भांडणाचा एकदम सूड. तिच्या आयुष्यातला पहिला ऐटीतला अबोला, आणि तो आजोबांच्या वाट्याला आला होता. मास्तर मशीन सोडून उभे राहिले. त्यांना मनातून एवढा आनंद झाला होता की तो चेहऱ्यावर मावत नव्हता.

अबोला मिनिटभर टिकला. मग पोर गर्रकन वळली, हात खिशातून बाहेर आले, आणि तिने सांगितलं की डावा खिसा उजव्यापेक्षा वर आहे. मास्तरांनी टेप लावून पाहिला. अर्ध्या बोटाने वर होता. ‘चूक माझी,’ त्यांनी कबूल केलं. भिंगरीने टेबलावर उडी मारली आणि लाल पेन्सिलीचं पुढे काय झालं ते सांगायला घेतलं, आणि सहाला आई आली तेव्हा ती अजून निम्म्यातच होती.